खोटी ठरलेली पाटी

मित्रांनो, मी जुनी आहे, लाकडी आहे आणि सध्या फार रागावलेली आहे. जंगलातल्या पायवाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे एका खांबावर माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर 'किल्ला' हा एकच शब्द कोरला आहे आणि माझे एक टोक बाणासारखे तासले आहे. ते टोक डावीकडे असायला हवे. त्याचीच ही हकीकत आहे, आणि ती मी शांतपणे सांगेन असे मला वाटत नाही.

मी आधी एका दारात होते. टेकडीच्या पायथ्याशी द्राक्षमळे आहेत. तिथल्या द्राक्षांच्या कोठीचे दार मोडीत निघाले तेव्हा गावच्या सुताराने त्यातली एक जाड फळी उचलून ठेवली. अजूनही पाऊस पडला की माझ्या अंगाला आंबूस वास येतो. सुतार तेव्हा ऐन तारुण्यात होता. त्याची थोरली बहीण मळ्यात वेलींची छाटणी करायची. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते.

सुतार माझ्यावर रंगाने अक्षरे काढणार होता. ताईने त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला.

"रंग किती दिवस टिकणार? वर धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही. खोल कोर. डोळ्यांना नाही दिसलं तर बोटांना तरी कळेल."

मग त्याने बोटाचे पेर आत बसेल इतकी खोल अक्षरे कोरली. रानातून मागच्या बाजूनेही माणसे येतात, म्हणून दोन्ही अंगांना कोरली. खांबाला मला दोन बोल्टांनी बसवले, तेही विचार करून. दरवर्षी द्राक्षांचा हंगाम आटोपला की तो वर यायचा, मला खाली काढायचा, घासूनपुसून सगळ्या अंगाला तेल द्यायचा आणि परत बसवायचा. चाळीस वर्षांत त्याने एकदाही खाडा केला नाही.

आता एक गंमत ऐका. एके काळी तरी ती गंमत होती. माझ्यापाशी उभे राहिले की किल्ल्याचे पडके बुरूज उजवीकडे अगदी समोर दिसतात. भिंतीतून उगवलेले झाडसुद्धा दिसते. पण उजवीकडची वाट थेट ढासळलेल्या तटाखाली जाते. तिथे पाय ठेवला की दगड सुटतात. चांगली वाट डावीकडून जंगलाला वळसा घालून वर जाते. म्हणून मी किल्ल्याकडे पाठ करून किल्ला दाखवते. नवे लोक हसायचे. पण तासाभराने वर पोचून, तेल लावून विंचरल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा नदीपर्यंत गेलेल्या पाहिल्या, की त्यांना पटायचे. उतरताना कितीतरी जण माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. एका मास्तरीणबाईंनी तर माझ्यासमोर सगळा वर्ग उभा करून सांगितले होते, "इथे डोळ्यांचं ऐकायचं नाही, पाटीचं ऐकायचं." मी महिनाभर हवेत होते.

पुढे ताईची नजर अधू होत गेली. आधी अक्षरे गेली, मग चेहरे. छाटणी सुटली, पण वर येणे सुटले नाही. सुतार किल्ल्यावरच्या लाकडी जिन्यांची डागडुजी करतो. आठवड्यातून एकदा ती त्याच्यासाठी गरम डबा घेऊन चढायची. शेजारपाजारचे नको म्हणायचे. ती म्हणायची, "डोळे गेलेत, पाय शाबूत आहेत." माझ्यापाशी आली की दम खायची, माझ्या अक्षरांवरून बोटे फिरवायची, टोक चाचपायची आणि डावीकडे वळायची. मला वाटायचे, चाळीस वर्षांपूर्वी तिने कुंचला काढून घेतला तो बहुतेक याच दिवसासाठी.

आणि मग ती फोटोवाली मंडळी आली.

लग्न ठरलेले एक जोडपे होते, सोबत फोटोग्राफर आणि त्याच्या तीन पिशव्या. त्यांना माझ्याशेजारी उभे राहून, मागे किल्ला घेऊन फोटो हवा होता. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"किल्ला इकडे, आणि पाटी भलतीकडेच दाखवतेय. कुणा शहाण्याने लावलीय?"

"फिरवता येईल का?" नवरदेव म्हणाला.

दिव्याचा स्टँड आवळायचा पाना फोटोग्राफरकडे होताच. पाच मिनिटांत त्याने बोल्ट काढले, माझी मागची बाजू पुढे केली आणि मला परत बसवले. दोन्ही अंगांना अक्षरे, त्यामुळे कोणाला काही खटकायचे कारणच उरले नाही. माझे टोक उजवीकडे झाले. त्यांनी हसून, उडी मारून, कपाळाला कपाळ लावून फोटो काढले. निघताना ती मुलगी थबकली.

"पाटी होती तशी करायची ना?"

"असू दे," फोटोग्राफर पिशवी खांद्यावर टाकत म्हणाला. "उलट आता बरोबर झालीय. चला, मळ्यात ऊन आहे तोवर उतरू."

आता बरोबर झालीय! जो या वाटेने एकदाही वर गेला नाही, त्याने मला पाच मिनिटांत दुरुस्त केले.

पुढचे चार दिवस मी खोटे बोलत उभी होते. अकरा जण उजवीकडे गेले आणि अकराच्या अकरा जण घसरत, शिव्या घालत परत आले. एकाने खांबाला लाथ घातली. एक बाई म्हणाली, "असल्या पाट्या लावतात तरी कशाला?" पण मला सरळ करावे, निदान खाली कोणाला कळवावे, हे एकालाही सुचले नाही. आपण सुटलो ना, मग झाले. फोटोग्राफरइतकाच मला या अकरा जणांचाही राग आहे. त्याला माहीत नव्हते. यांना माहीत होते.

सुतार त्या आठवड्यात लाकडाच्या गाडीबरोबर मागच्या रस्त्याने किल्ल्यावर जात होता, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी दाट धुके उतरले आणि धुक्यातून काठीचा आवाज आला. ताई होती.

तिने नेहमीसारखा दम खाल्ला. बोटे फिरवली. टोक चाचपले आणि ती थांबली. तिचे पाय डावीकडे वळलेले होते. तिने पुन्हा एकदा टोकावर हात ठेवला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी सगळे जंगल डोक्यावर घेतले असते. मला बोल्टांतून निखळून तिच्या पायाशी पडायचे होते. मी जागची हलले नाही. त्या माणसाने बोल्ट फार छान आवळले होते.

"माझंच चुकतंय वाटतं," ताई म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार."

आणि ती उजवीकडे गेली. थोड्या वेळाने दगड सुटल्याचा आवाज आला. डबा बराच वेळ गडगडत गेला.

दुपारी बहीण आली नाही म्हणून सुतार पायवाटेने खाली उतरला. त्याने मला पाहिले आणि तो उजवीकडे धावला. मळ्यातल्या गड्यांनी वेलींच्या छाटणीची शिडी आणून, तिच्यावर ताईला निजवून खाली नेले. खुब्याचे हाड मोडले होते. ती वाचली.

मग टेकडीची देखरेख करणाऱ्या कार्यालयातला साहेब वही घेऊन आला. माझ्याकडे पाहत त्याने लिहिले, बोल्ट सैल होते, वाऱ्याने पाटी फिरली.

सुतार शेजारीच उभा होता. "साहेब, वारा पाना घेऊन येतो का?" त्याने बोल्टांवरचे ताजे ओरखडे दाखवले. "हे बघा. माझ्या पान्याचे असे दात नाहीत."

"आता कोण कोणाला शोधत बसणार?" साहेब म्हणाला. "काहीतरी लिहावं लागतं."

खाली गावात त्याचा अर्थ एकच झाला, म्हाताऱ्याचा हात आता चालत नाही. चाळीस वर्षे बोल्ट आवळणाऱ्याच्या नावावर हे लागले. आणि ज्याने पाना चालवला त्याने काढलेला फोटो पायथ्याच्या द्राक्षांच्या दुकानात भिंतभर लावलाय म्हणे. त्यात जोडपे कपाळाला कपाळ लावून उभे आहे आणि मधोमध मी, खोटे बोलताना. सुताराने तो फोटो दुकानदाराला दाखवला, साहेबालाही तिथे नेऊन दाखवला. साहेब म्हणाला, "फोटो छान आलाय हो." वहीतले काही बदलले नाही.

सुताराने बोल्ट काढून टाकले. खांबात आरपार भोके पाडून मला लाकडी खुंट्यांनी कायमचे ठोकले. आता मला कोणी फिरवू शकत नाही, आणि तोही मला तेलासाठी खाली काढू शकत नाही. जिथे मी खांबाला टेकते तिथे ओल धरू लागली आहे. तिथूनच मी कुजणार, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून मित्रांनो, माझी विनवणी नाही, बजावणे आहे. डोंगरात फिरायला या, हसा, दंगा करा, फोटो काढा. पण पाटीला हात लावायचा तर वाचायला लावा. ती चुकली असे वाटले तर आधी तिने सांगितलेल्या वाटेने जाऊन या. आणि ती खरेच फिरलेली दिसली, तर तुमच्या मागून कोण येणार आहे याचा विचार करा.

ताई परवा आली, सहा महिन्यांनी, भावाचा हात धरून. तिने माझ्या अक्षरांवरून बोटे फिरवली. टोक चाचपले. ते डावीकडे होते, जिथे असायला हवे तिथे. मी वाट पाहत होते की ती वळेल.

ती भावाकडे तोंड करून म्हणाली, "डावीकडेच ना रे?"

चाळीस वर्षांत माझ्यापाशी उभे राहून तिने हे कोणालाच विचारले नव्हते.