घरचं जनावर

साहित्य: घोटीव कागद, डिंक, खडू, बोथट कात्री, मुलं.
(मुलं साहित्यात धरायची की नाही, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.)

*कागद चौकोनी घ्या.*

धानोऱ्याच्या अंगणवाडीत रंजिताताईंनी कागद वाटले आणि शाळेच्या मराठीत सांगितलं, "आज आपण आपल्या घरचा प्राणी बनवू या."

मुलं उठली, माठाकडे गेली आणि पेले भरून परत आली.

"ताई, पानी लई उनूत."

खिचडी ढवळणाऱ्या मदतनीस बेबीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आनखी सांगा प्रानी."

रंजिताताईंनी पाणी पिऊन टाकलं आणि शब्द बदलला. घरी त्याही अहिराणीच बोलत. 'प्राणी' हा शब्द त्यांच्या तोंडात यायचा तो अंगणवाडीच्या वेळेपुरता.

"बरं. घरनं जनावर बनाडा."

आता सगळ्यांना कळलं. निदान ताईंना तसं वाटलं.

*कोपरे खाली दुमडा. कान झाले.*

गाय. मांजर. लखनची म्हैस, एका शिंगाची, कारण घरची म्हैस तशीच आहे. मंतशाच्या कोंबडीलाही कान आले. तिनं ते राहू दिले. कोंबडी तिचं ऐकते, असं तिचं म्हणणं.

रुचिकानं काहीच दुमडलं नाही. तिनं काळा कागद मागून घेतला, फाडून लांब पट्टी काढली आणि पट्टीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या. एका टोकाला विरळ, दुसऱ्याकडे दाट. सबंध अंगणवाडीत सगळ्यात जास्त बोलणारी ही पोर, आणि आता ओठ घट्ट मिटून रेघा मारत होती.

"हाई काय शे वं?" बेबीबाई वाकल्या.

"जनावर."

"हाऊ तं नाडा शे. तुम्हना घर नाडा दूध देस का?"

मुलं खिदळली. रुचिकानं बेबीबाईंकडे असं पाहिलं, की त्या खिचडीकडे वळल्या.

*आता डोळे काढा.*

छान म्हणून ती पट्टी भिंतीवर चिकटवता आली असती. पण त्या रेघा. विरळ, मग दाट. उगाच मारलेल्या रेघा अशा नसतात. रंजिताताई जमिनीवर बसल्या.

"येले पाय कोठे शेतस?"

"येले पाय नही ऱ्हातस."

रुचिका पांढऱ्या कागदाचे बारीक तुकडे करून पट्टीवर टाकायला लागली. पट्टी हळूहळू दिसेनाशी झाली.

"आनि हाई काय?"

"कापूस. ते कापूसमा ऱ्हास."

कापूस वेचणीचे दिवस. धानोऱ्यात ज्याच्या-त्याच्या पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत. मुलं त्यात लोळतात, झोपतात.

"येन्हं नाव काय?"

रुचिकानं आधी दाराकडे पाहिलं, मग ताईंच्या कानाशी तोंड नेलं.

"माय म्हने, रातले नाव लेतस नही. जनावर म्हनतस."

*आता कागद उलटा करा.*

रंजिताताईंच्या माहेरीही हेच होतं. दिवेलागणीनंतर त्याचं नाव घ्यायचं नाही, नाव घेतलं की ते येतं. म्हणून जनावर. हा शब्द त्यांनी आयुष्यभर दोन्ही अर्थांनी वापरला होता, आणि आज सकाळी त्यांना एकच आठवला.

त्यांनी रुचिकाच्या वडिलांना, हिलालभाऊंना फोन लावला.

"हिलालभाऊ, तुम्हना कापूसमा जनावर शे."

"शे नही ताई, व्हतं. पोर सांगे तवय मी बकरी हाकली दिधी."

"बकरी कापूसमा दखी का तुम्ही?"

"नही. आंगनमा व्हती."

"बकरीले पाय ऱ्हातस, भाऊ. रुचिकाना जनावरले पाय नहीत."

फोनमध्ये कुठलासा ट्रॅक्टर चालू होता. तो बंद झाला.

"धाकला कोठे शे?" ताईंनी रुचिकाच्या तान्ह्या भावाचं विचारलं.

"झोयीमा."

"झोयी कोठे शे?"

फोनमध्ये चपला वाजल्या, पळणाऱ्या. मग हिलालभाऊंचा आवाज, फोनपासून लांब, बायकोला: सरला, पोऱ्याले उचल. आते उचल.

इथे कृतीत एक घडी राहिली आहे. ती मोजता आली नाही. या वेळात खिचडी खाली लागली, मंतशाची कोंबडी ओली झाली, आणि रुचिकानं पट्टीवरचे तुकडे एकेक करून उचलले, कोणीतरी कापूस उपसत असावं तसे.

मग फोनवर बाळाचं रडणं ऐकू आलं. झोप मोडलेल्या बाळाचं, चिडलेलं, धडधाकट रडणं. रंजिताताई भिंतीला टेकल्या.

*शेपूट.*

नंदुरबारहून साप पकडणारा अजित हिलालभाऊंच्या घरी आला तेव्हा अर्धा कापूस अंगणात होता, आणि रुचिकाला घेऊन रंजिताताईही तिथे पोचल्या होत्या. झोळीच्या बरोबर खाली, भिंतीच्या कडेला, ते वेटोळं करून बसलं होतं. मण्यार. काळी, अंगावर पांढरे पट्टे. डोक्याकडे विरळ, शेपटीकडे दाट. बरणीला झाकण लावून तो निघाला तेव्हा रंजिताताईंनी त्याला कागदाची पट्टी दाखवली. त्यानं ती बराच वेळ धरून ठेवली.

"हाई कोनी बनाडं? जोडे बशीसन दखेल शे."

जवळ बसून. हे ऐकून सरलाबाईंनी रुचिकाला घट्ट धरलं. रुचिकाला ते आवडलं नाही. तिला बरणी पाहायची होती.

*भिंतीवर लावा. खाली नाव लिहा.*

दोन दिवसांनी रंजिताताई नावं लिहीत होत्या. गाय. म्हैस. कोंबडी, कानवाली. पट्टीखाली पेन थांबलं.

"रुचिका, काय लिखू? जनावर?"

रुचिका दारापर्यंत गेली. उंबऱ्यात उभी राहून तिनं डोळ्यांवर हात धरला आणि वर बघितलं. ऊन होतं.

"आते दिवस शे. नाव लिख."

ताईंनी लिहिलं, साप. रुचिकाला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ती दोन अक्षरं बोटानं तपासली.

"रातले पुसी टाकजो," ती म्हणाली.