भात चावायचं काम

अरे ऐका ना, मधे बोलू नका, मग मी विसरतो. तर मी गेलो गिरणीवर, या सोमवारी नाय, त्याच्या आधीच्या. पाच महिन्यांनी! डोक्यावर माकडटोपी, भुवया पण गेलेल्या, आणि गिरणीतला आमचा लडकू दारातच, "या महाराज, कुठल्या मठातनं?" मी म्हटलं, अरे मी पदू. "पदूला केस होते," म्हणाला, हसला, आणि मधेच हसायचं थांबला. मला काय वाटलं? काय नाय. परळच्या डॉक्टरने रक्ताचा कॅन्सर सांगितला तेव्हा पण मी विचारलं, कर्जतला परतीची गाडी किती वाजता हाय.

तर काम. कडावच्या गिरणीत भाताचं पोतं आलं की हात घालायचा, मूठ चोळायची, एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट तुटला तर वाळलाय, घाला मशीनमधे. चेपला तर ओला, न्या परत उन्हात. ओला घातला की तांदूळ पिचतो, नुसती कणी पडते. आबाजीशेट, आमचे मालक, सगळ्यांना सांगायचे, पदूच्या दातात वजनाचा काटा हाय.

आणि इंजेक्शनं अजून चालूच हायत हां. त्यातल्या एकाने बोटांची टोकंच मेलीत. शर्टाचं बटण मी बघून लावतो. तोंडात फोड, हिरड्यांतनं रक्त, कडक चावायचं नाय म्हणून डॉक्टरने बजावलंय. हे मी आबाजींना सांगितलंच नाय. म्हणाले असते, घरी बस. घरी आई समोर बसून बघत राहते रं, दिवसभर. मला माझं स्टूल पायजे होतं, काट्याजवळचं, बस.

पहिले दोन दिवस खडखडीत वाळलेलाच भात आला, निभावलं. तिसऱ्या दिवशी गौराबाई, टेंपोत चार पोती घेऊन. "आलास रं पोरा? तूच बघ. हा लडक्या मेला पानाने रंगलेल्या तोंडाने चावतो." सगळे हसले. मी हात घातला, कापसात घातल्यागत. दाणा धरला, हळूच दाबला. तुटला का चेपला, कळलंच नाय. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत.

मी म्हटलं, वाळलाय.

पहिल्या पोत्यालाच मशीन बंद करावी लागली. गौराबाईने ओंजळ भरून तांदूळ माझ्यापुढं धरला, सगळा पिचलेला. ओरडली नाय. "पदू, माझ्या जनीच्या लग्नाच्या अक्षता यातनं काढायच्या होत्या रं. तुटका तांदूळ डोक्यावर टाकतात काय?"

आबाजी लडकूकडं वळले. "तू हात लावलास काय भाताला?" लडकू जमिनीकडं बघत उभा. माझ्यासाठी हो म्हणाला असता, आईशप्पत, दिसत होतं मला. म्हणून मीच बोललो. शेट, मला कळत नाय. बोटांना पण नाय आणि दातांना पण नाय.

मशीन बंद, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

गौराबाईने सूप मागितलं. तांदूळ ओतला, माझ्या स्टुलापुढं जमिनीवर बसली, म्हणाली, "डोळे हायत ना? मग बस." बसलो. अख्खे दाणे वेचत संध्याकाळ झाली. माझ्या चिमटीतनं निम्मे निसटायचे, ती उचलायची. वाटीभर निघाले. बाकीची तीन पोती तिने उन्हात घालायला परत नेली.

आबाजी म्हणाले, उद्यापासून भात लडकू चावंल. मी टोपी उचलली. तर म्हणाले, "कुठं चाललास? त्याला चावता येतंय, सांगता कुठं येतंय? तू ऐक आणि सांग."

आता असं चाललंय. लडकू पान थुंकतो, चूळ भरतो, माझ्या कानाशी तोंड आणून दाणा चावतो. बायका फिदीफिदी हसतात. "मुका घेतो काय रं त्याचा?" मी ऐकतो आणि सांगतो, वाळलाय, नायतर न्या परत. काल एकदा मशीनच्या आवाजात ऐकूच आलं नाय. मी लडकूच्या तोंडाकडं बघितलं. त्याने नाय म्हणून मान हलवली, एवढीशी. मी म्हटलं, ओला हाय.

चहा सांगा ना कोणीतरी. माझा गार होऊ दे जरा, गरम हाय ते बोटांना कळत नाय.