महापौरांचा नळ

आमच्या ह्यांना महापौर केलं ते एका नळाने. दाबला की पाणी, सोडला की बंद. शोध ह्यांचा स्वतःचा. वाहत्या नळांनी शहर कोरडं पडायला आलं होतं, त्यामुळे लोकांनी ह्यांना डोक्यावर घेतलं, आणि हे काही खाली उतरायला तयार नव्हते. आता शहरभरचे जुने नळ काढून हाच बसवायचा होता. त्याआधी बस स्टँडवर एक बसवून सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा, मग दुपारी सभेत मंजुरी.

ह्यांची थोरली बहीण मुद्दाम बसने आली. आई गेल्यावर ह्यांना तिनेच वाढवलेलं. प्रवासात तोंडावर धूळ बसलेली, म्हणून नणंदबाई सरळ नळाकडेच गेल्या. एका हाताने नळ दाबला, दुसरा हात ओला केला. सोडला तर पाणी बंद. पुन्हा तेच.

"अरे, एक हात नळालाच लागला, तर तोंड धुऊ कशी?"

लोक हसले. वर्कशॉपमध्ये ह्यांनी तो नळ रात्रंदिवस तपासला होता, पण खाली कायम बादली. हात धुवायला हे घरात यायचे, साध्या नळावर.

चुकलं म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. पण हे माईकवर म्हणाले, "ताई, तुला नाही जमायचं. नवीन गोष्टीला डोकं लागतं."

लोक आणखी हसले. नणंदबाईंनी ओला हात पाठीमागे नेला.

"हो बाबा, मलाच कळत नाही."

मला शरमेने मान वर करवेना. कुठून ह्या माणसाशेजारी खुर्ची मिळाली, असं झालं.

तेवढ्यात विरोधी पक्षाचा एक नगरसेवक ओरडला, "मग साहेब, तुम्हीच दाखवा की!"

हे तावातावाने पुढे झाले. दोन्ही हातांना साबण चोळला आणि नळासमोर तसेच उभे राहिले. आत्ता कुठे ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. कुणीतरी शिट्टी मारली. ह्यांचे कान लाल झाले.

नणंदबाई पुढे आल्या आणि त्यांनी नळ दाबून धरला.

"धू पटकन," त्या हळूच म्हणाल्या. "हसताहेत तुला."

हे पाण्याखाली हात धरेनात.

"ताई, सोड." हे म्हणाले. "चुकलंय माझं. बघू दे सगळ्यांना."

"ते मग सांग. आधी हात धू, मी धरलाय."