भेंडाच्या दोन गोळ्या आणि त्यांच्यातला रेटा

मित्रांनो, जरा दुरूनच ऐका आणि श्वास हळू सोडा. तुमच्या फुंकरीने मी उडून जाईन. मी भेंडाची गोळी आहे, बोराएवढी. आता म्हातारी झाले, अंगावरची बेगड ठिकठिकाणी निघाली, तरी माझा तोरा काही गेलेला नाही.

इटियाडोह धरणाच्या बाजूला एका बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यात, मी वाढले. पाण्यात उभं राहणारं भेंड आतून पांढरंशुभ्र आणि मऊ असतं. दुर्पताबाई ते कापून वाळवायची आणि लग्नसराईत त्याची बाशिंगं करायची. माझी सगळी भावंडं नवरदेवांच्या कपाळावर मिरवली. माझंही फूलच व्हायचं होतं. पण दुर्पताबाईची मुलगी चंचल बारावीला सायन्स शिकत होती, आणि दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात ती आईपाशी येऊन बसली.

“माय, मले गोळ्या करून दे. एकसारख्या पायजे.”

“गोळ्या? कायले वं?”

“दोन गोळ्या एकमेकीले किती रेटतात, थे मोजाचं आहे. सायन्सच्या प्रदर्शनात मांडतो.”

“भेंड कोणाले रेटते, पोरी!” असं म्हणून दुर्पताबाई हसली, पण पातं हातात घेतलंच. आम्हां दहा जणींना तिने असं गोल केलं की मीच मला ओळखू शकले नसते. वर बेगड चढवली. चंचलने आम्हांला अर्जुनीच्या सराफाच्या काट्यावर घातलं. दहा जणी मिळून भरलो एक ग्रॅम. हसू नका, हलकेपणा हाच आमचा गुण आहे.

मग बांबूच्या कमानीला कोशाच्या रेशमाचे दोन धागे बांधून मला आणि माझ्या जोडीदारणीला शेजारी शेजारी टांगलं. आम्ही दोघी एकाच दांड्यातून निघालेल्या, अंगाला अंग लावून लोंबत होतो. चंचलने प्लास्टिकची नळी लोकरी मफलरवर घासली आणि आम्हां दोघींना लावली. एकाच जातीचा विद्युतभार दोघींच्या अंगभर पसरला, आणि जन्माची सोबतीण मला जवळ नकोशी झाली. आम्ही झटकन दूर सरकलो आणि तशाच तिरप्या राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

चंचलला मात्र आनंद मावेना. तिचा हिशोब सोपा होता. धागा वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर. गोळी सरळ रेषेपासून जितकी बाजूला सरकते, त्या अंतराला धाग्याच्या लांबीने भागायचं. वजनाचा तितकाच हिस्सा म्हणजे आमच्यातला रेटा. आम्ही प्रत्येकी अडीच सेंटिमीटर सरकलो होतो, म्हणजे वजनाचा आठवा हिस्सा. चंचलने ते उत्तर मोठ्या अक्षरांत तक्त्यावर रंगवलं.

तिचे वडील टेकचंद दारातून पाहत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ते म्हणाले, “पहिला नंबर आण, मंग गोंदियाले बी.एस्सी.ले पाठवतो. नाही आला, तं मायसंगं बाशिंगं कर. मंग रडू नोको.”

चंचलने मान हलवली.

प्रदर्शनाच्या सकाळी चंचल आंघोळीला गेली असताना दुर्पताबाईने माझा डबा उघडला. भेंडाची वस्तू घराबाहेर निघताना तिच्या दोऱ्याला ओली हळद लावायची, ही तिची जन्माची रीत. बाशिंगाला लावते तशीच मायेने तिने आमच्या धाग्यांना हळद चोळली आणि डबा घट्ट बंद केला. कोशाचा धागा मुळातच पिवळसर, त्यात हळद दिसणार कुणाला? मला कळत होतं. पण मला तोंड नव्हतं, आणि मायलेकींसोबत एसटीत सारा रस्ता माझा जीव टांगणीला लागला होता.

अर्जुनी मोरगावला परीक्षक समोर आले. चंचलने नळी घासली, लावली. आम्ही दोघी गप्प. पुन्हा घासली, पुन्हा लावली. आम्ही किंचित हललो आणि परत एकमेकींना चिकटलो. अंगावर आलेला विद्युतभार ओल्या धाग्यावरून वर सरकून बांबूत निघून जात होता. मी काय करणार!

“होतं असं,” परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले. “तक्त्यावर उत्तर आहे ना? तेच सांग.”

चंचलच्या कपाळावर घाम आला. उत्तर सांगून मोकळं होणं सोपं होतं. “सर, थोडं थांबा,” ती म्हणाली आणि तिने धागा चिमटीत धरला. बोटं पिवळी झाली. तिने वर पाहिलं. समोर आई उभी होती. आईचं तोंड पांढरं पडलं होतं. चंचल एवढंच बोलली, “धागा ओला आहे, सर.”

“मीच हळद लावली जी,” दुर्पताबाई पुढे आली. “पोरीले मालूम नाही.”

आजूबाजूची पोरं हसली. शेजारच्या टेबलावर दुर्गेश नावाच्या मुलाने बोडीतल्या मासेमारीचा देखावा मांडला होता. तो हसला नाही. त्याने आपल्या जाळ्याचा बारीक नायलॉनचा धागा कापून दिला. “हा कोरडा आहे, घे.” दुर्पताबाईने पदराने हात पुसले, आम्हांला कोरड्या फडक्याने टिपलं आणि धागा तेवढाच वीतभर ठेवून भराभरा गाठी मारल्या. आम्ही दोघी अगदी समपातळीत लोंबू लागलो.

चंचलने नळी घासली. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि आम्ही सरकलो! चंचलने पट्टी धरली. यावेळी प्रत्येकी दोनच सेंटिमीटर.

“तक्त्यावर आठवा हिस्सा लिहिलाय,” परीक्षक म्हणाले.

“थो परवाचा, सर. आज भार कमी चढला. आज दोन भागिले वीस, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा.” तिने तक्त्यावरच्या आकड्यावर काट मारली.

“आणि भार तेवढाच ठेवून अंतर दुप्पट केलं तर?”

“रेटा चौथाईवर येते, सर.”

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढे गेले. संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर दुर्गेशच्या मासोळ्यांचा, दुसरा चंचलचा. टाळ्या वाजल्या तेव्हा मायलेकी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

घरी टेकचंद अंगणात वाट पाहत बसले होते. “पहिला?” त्यांनी विचारलं.

“दुसरा,” चंचल म्हणाली. टेकचंद उठून आत जाऊ लागले. तेव्हा दुर्पताबाई दारात आडवी उभी राहिली. नवऱ्यापुढे अशी उभी राहिलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“धाग्याले हळद मी लावली, चंचलचे बाबा. नाही तं पहिलाच होता. चूक माही, अन् शिक्षा पोरीले काऊन?”

टेकचंद मागे वळले. मग पायरीवर टेकले आणि चंचलकडे पाहून म्हणाले, “गोंदियाले राहाची सोय पाहा लागल आता.”

मित्रांनो, गोंदियाला जाताना चंचल आम्हां दोघींना शाळेला देऊन गेली. आधी सगळे मला कौतुकाने पाहायचे. मग मी कपाटात मागे ढकलले गेले, पावसाळ्यात ओल धरली, कुणीतरी मला दाबूनही पाहिलं. तक्रार नाही करत, एकच मागणं मागते. मला कोरडी ठेवा. उद्या एखादी मुलगी नळी घासून माझ्यापाशी आणील, तेव्हा मला सरकता आलं पाहिजे. तिच्याही अंगणात कुणीतरी निकालाची वाट पाहत बसलेलं असेल.