चिलखती गाडीतला मेंढा

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे मलाही कळतं. पण शेजारच्या देशाच्या सैन्यानं आमच्या सैन्याला ज्या चिलखती गाड्या भेट म्हणून धाडल्या, त्यांतली पहिलीच गाडी माझा पुतण्या चालवणार होता. म्हणून मी दात मोजले.

मी झुमाना कोने, आमच्या छावणीच्या वर्कशॉपचा मुख्य. पुतण्याचं नाव बुरामा. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा हा रांगत होता. माझ्याच अंगणात वाढला, माझ्याच हाताखाली गाडी शिकला आणि मी नको म्हणत असताना सैन्यात गेला. उत्तरेच्या रस्त्यावर बंदूकवाल्यांच्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. तिकडच्या चौक्यांना धान्य आणि दारूगोळा पोचवताना उघड्या ट्रकांमधली पोरं मरत होती. म्हणून या गाड्या. त्या फाटकातून आत आल्या तेव्हा बुरामाचं तोंड उजळलं होतं. "थोरले बाबा, आता आईला सांगा, नीट झोपत जा म्हणावं," असं तो मला म्हणाला.

गाड्यांना वाळूच्या रंगाचा ताजा हात मारलेला होता. दाराची कड नखानं खरवडली, तर खाली हिरवा रंग, हिरव्याखाली पांढरा आणि पांढऱ्यावर तिसऱ्याच कुठल्या सैन्याचा सिंह. म्हणजे शेजाऱ्यांनाही त्या कुणीतरी भेटच दिलेल्या. लग्नात आलेला आहेर पुढच्या लग्नात खपवावा, तसा हा प्रकार. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. जुनी गाडी वाईटच असते असं नाही.

मग रेडिओची काठी बसवायला दाराला भोकं पाडायची वेळ आली. चिलखताच्या पोलादाला ड्रिल लावलं की ते किंचाळतं, टोक लाल होतं, माणसाला घाम फुटतो. इथं ते इतक्या सहज आत गेलं की माझा तोल जाऊन मी दारावर आपटलो. साधा पत्रा होता. खरी चिलखती दारं वाटेत कुठेतरी कुणीतरी उतरवून घेतली होती आणि त्या मापाचे पत्रे कापून बसवले होते. ज्यानं बसवले त्याचं काम मात्र सुबक होतं. त्या सुबकपणाचीच मला जास्त किळस आली.

मी कमांडंटकडे गेलो. ते चहा उकळत बसले होते. त्यांनी मला बसवून घेतलं, छोट्या ग्लासात चहा ओतला, फेस यावा म्हणून तो वरून खाली, खालून वर केला आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले की गाड्या यायच्या आधीच त्यांना हे ठाऊक होतं. जनरलसाहेबांना ठाऊक होतं. देणाऱ्यांना तर होतंच. भेट नाकारली तर भावाचा अपमान होतो, आणि भाऊ दुखावला तर सीमेवरचा रस्ता बंद होतो. शिवाय आपणही त्यांना बदल्यात जुन्या तोफा देणारच आहोत. "त्या तरी कुठे धड उडतात?" असं म्हणून ते मनापासून हसले. चहात साखर भरपूर होती. मी ग्लास तसाच खाली ठेवला.

गाड्या सुपूर्द करण्याचा समारंभ कवायतीच्या मैदानावर झाला. दोन्ही देशांचे झेंडे, बँड, टीव्हीवाले, सावलीला अधिकाऱ्यांच्या बायका, आणि मागे मेजवानीसाठी बांधलेले मेंढे. शेजारच्या सैन्याकडून कर्नल नुहूम त्राओरे आला होता. त्यानं बंधुत्वावर भाषण केलं. आमच्या जनरलसाहेबांनी त्याहून लांब भाषण केलं. आफ्रिकेचं रक्षण आफ्रिकेचीच पोरं करतील, असं दोघंही म्हणाले. तेवढं खरं होतं. त्या पोरांचं रक्षण कोण करणार, ते कुणी म्हणालं नाही.

मग कर्नल गाड्या दाखवत आमच्या रांगेपाशी आला आणि माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थबकला. कोने आणि त्राओरे या दोन कुळांमध्ये पणजोबांच्या पणजोबांपासून चेष्टेचं नातं. एकमेकांना काय वाटेल ते बोलावं, भर बाजारात पाणउतारा करावा, मयतीतसुद्धा टिंगल करावी, आणि राग म्हणून धरायचा नाही. तिथं हुद्दा नाही, वय नाही, सरहद्दही नाही. जो रागावला त्यानं नातं मोडलं.

कर्नलचा चेहरा फुलला. "अरे चवळीखाऊ," त्यानं ठरलेली शिवी मोठ्यानं घातली, "तुला आणि हत्यारांजवळ कुणी उभं केलं? तुझ्या पोटातल्या वाऱ्यानंच माझ्या गाड्या उलटतील."

सगळे हसले. टीव्हीवाल्यानं कॅमेरा आमच्याकडे वळवला. एरवी मीही त्याच थाटात काहीतरी बोललो असतो आणि विषय संपला असता. पण खरं बोलायची परवानगी असलेली ती एकच जागा होती, आणि ती माझ्यापुढे आपणहून चालत आली होती.

"त्राओरे," मी म्हणालो, "तू जन्मात खरं बोलला नाहीस. ही गाडी चिलखती असेल तर आत जाऊन बस. मी बाहेरून एक गोळी घालतो. वाचलास तर आयुष्यभर तुझं शेत नांगरेन."

हशा आणखी वाढला. जनरलसाहेबही हसत होते. कर्नलही हसत होता, पण त्याचे डोळे एकदा गाडीच्या दाराकडे जाऊन आले. चेष्टेतलं आव्हान टाळणं म्हणजे हार, आणि त्राओरे कोनेपुढे हार मानत नाहीत.

"कोनेच्या नेमाचा काय भरवसा," तो म्हणाला. "हा गोळी गाडीला मारायला जाईल आणि लागेल ती बँडवाल्याला. माझ्या जागी याच्याच भावाला बसवा." आणि त्यानं मेंढ्यांकडे बोट दाखवलं.

मग काय, सगळ्यांना चेवच आला. दोघांनी एक पांढरा मेंढा ओढत आणला, उचलून चालकाच्या जागेवर घातला, पट्ट्यानं बांधला. कर्नलनं स्वतःची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या. जनरलसाहेबांनी मान हलवली तशी पहारेकऱ्यानं मला आपली रायफल दिली. बुरामा रांगेत उभा होता. तो हसत नव्हता.

मी दारावर गोळी झाडली.

दाराला भोक पडलं. पलीकडच्या दारालाही पडलं. आत मेंढा पाय झाडत होता आणि काचेवर रक्त उडालं होतं. मला वाटलं, झालं, आता बोलावंच लागेल कुणालातरी.

बोलले जनरलसाहेब. त्यांनी छावणीच्या इमामांना विचारलं, "आता हा खायला चालेल का?"

गोळीनं मेलेलं जनावर आम्हाला निषिद्ध. इमाम म्हणाले, जीव असेपर्यंत नाव घेऊन सुरी फिरवली तर चालेल, पण घाई करा. मग जी धावपळ उडाली तशी मी त्या छावणीत हल्ला झाला तेव्हाही पाहिली नव्हती. स्वयंपाकी सुरी घेऊन पळत आला, दोन कॅप्टननी दार उघडलं, मेंढा बाहेर ओढून त्याचं तोंड पवित्र दिशेला केलं आणि तो वेळेत कापला गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कर्नलनं आपली टोपी झटकली आणि मला म्हणाला की स्वतःच्या सख्ख्या भावावर गोळी घालणारा कोने त्यानं पहिल्यांदाच पाहिला. पुन्हा हशा. टीव्हीवाल्याला तेवढा भाग पुसायला सांगितला.

मेंढा त्यांनी खाल्ला. निखाऱ्यावर भाजून, कांदा आणि मोहरीची चटणी लावून, हाडं चोखून. कमांडंट तोंड पुसत माझ्याकडे आले आणि भोकांना ठिगळ लावून वरून रंग मारायला सांगून गेले.

बुरामाला मी म्हणालो, आजारी पड. हवं तर पाय मी मोडतो. तो म्हणाला, त्याच्या जागी दुसरा जाईल, तोही कुणाचा तरी पुतण्या. मग ठिगळावरून बोट फिरवत म्हणाला, "राहू द्यायचं होतं हो हे भोक, थोरले बाबा. तेवढाच वारा आला असता." या पोराला चेष्टा कुठे करावी हे कधीच कळलं नाही. आमचं अख्खं कूळच तसलं.

गाड्या निघाल्या तेव्हा चालकांखेरीज कुणीच आत बसायला तयार नव्हतं. बाकीची पोरं टपावर चढली, निदान उडी मारता येईल म्हणून. जनरलसाहेब निरोपाला आले होते. चिलखती गाडी असून पोरं टपावर, हे टीव्हीवर बरं दिसत नाही म्हणाले. सगळ्यांना आत बसवलं.

बुरामाची गाडी ट्रेलरवरून परत आली. दार चाळणी झालं होतं. मी लावलेलं ठिगळ तेवढं शाबूत होतं. ते मी खऱ्या पोलादाचं लावलं होतं, जुन्या ट्रकच्या चासीतून कापून. तळहाताएवढी ती जागा सोडून सगळीकडून गोळ्या आत गेल्या होत्या.

मयतीला कर्नल त्राओरे आला. संपर्क अधिकारी म्हणून त्याला आमच्याच गावात ठेवलं होतं. गणवेश नव्हता, पायघोळ पांढरा झगा घालून आला होता, हातात मयतीला न्यायच्या कडू कोला फळांची टोपली. जनाजा उचलला आणि तो वाटेत आडवा उभा राहिला. त्राओरेनं कोनेच्या मयतीत करायचं ते तो करत होता.

"याला कुठे नेता?" तो म्हणाला. "हा मेलेला नाही. नांगरणी टाळायला झोपलाय. ताटभर चवळी आणा, बघा कसा उठून बसतो."

बुरामाची आई जेनेबा रडता रडता हसली. त्यासाठीच असते ही चेष्टा, छाती फुटू नये म्हणून. त्राओऱ्यांच्या मयतीत मीही अशीच केली आहे. कर्नलच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. त्याचीच तर मला सगळ्यांत जास्त घाण वाटली.

"चवळीनं तो उठणार नाही, नुहूम," मी म्हणालो. "तुझं दार पत्र्याचं होतं. आजपासून मी तुझा चेष्टेतला भाऊ नाही. मला कर्नल म्हणून उत्तर दे."

कर्नलच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. त्यानं तोंड उघडलं, आणि मला वाटतं, तो काहीतरी खरं बोलला असता. पण आमच्या म्हाताऱ्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. पत्र्याचं दार त्यांच्या कानातच शिरलं नव्हतं. झुमानानं नातं मोडलं, मयतीत मोडलं, पोराच्या डोक्याशी मोडलं, एवढंच त्यांनी ऐकलं.

पंचांनी मला दंड ठोठावला. एक मेंढा, पांढरा. मी देणार नव्हतो. पण जेनेबा माझ्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, माझं लेकरू मोडलेलं नातं घेऊन वर गेलंय. त्याला तिथं कोण उभं करेल? द्या तो मेंढा." तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

मेंढा रीतीप्रमाणे मीच धरला. कर्नल आला, त्यानं मेंढ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, "कोने, याला तरी गोळी घातली नाहीस ना?" सगळे हसले. नातं जुळलं म्हणाले. मानाची म्हणून कलेजी माझ्या ताटात वाढली. सगळे बघत होते, म्हणून मी ती तोंडात घातली आणि परसात जाऊन थुंकलो.

त्यानंतर आमच्या जुन्या तोफा वर्कशॉपला आल्या. पलीकडे भेट जायच्या होत्या, रंगाचा हुकूम सुटला होता. एकीच्या नळीला तडा होता. गोळा डागला तर मागे उभी असलेली पोरं संपतील, असा. तिकडची पोरं, पण कुणाचे तरी पुतणेच. त्या तड्यावर मी रंग मारला नाही. उलट लाल रंगानं त्याभोवती चांगला मोठा गोल काढला, आंधळ्यालाही दिसावा असा.

कमांडंट पाहणीला आले. गोलापाशी थांबले, वाकून बघितलं, माझ्याकडे पाहून बोट हलवलं.

"त्राओऱ्यांची चेष्टा करतोस होय रे?" ते म्हणाले आणि हसत पुढे गेले.

तोफ तशीच गेली, लाल गोलासकट. पलीकडच्या समारंभात तो गोल पाहून सगळे खूप हसले, असं मला त्यासाठी तिकडे गेलेल्या कर्नलनं स्वतः फोन करून सांगितलं.