शांताबाईंना काय आवडायचं

चारकोपच्या आमच्या फूड हॉलमध्ये माणसं जेवायला येतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा दुपारी साडेतीनला येऊन बसावं. त्या वेळी धड जेवणारं कोणी नसतं. एका टेबलावर कुठल्यातरी सोसायटीची कमिटी रिडेव्हलपमेंटवरून भांडत असते. दुसऱ्यावर मुलगा-मुलगी एकमेकांना बघायला आलेले असतात आणि दोघांच्या आया तीन टेबलं सोडून, आपला काही संबंध नाही अशा थाटात बसलेल्या असतात. चौघांत एक कॉफी घेऊन एसीची हवा खाणारी कॉलेजची पोरं तर रोजचीच. मी इथली सुपरवायझर. नाव शकुंतला, पण सगळे शकुताई म्हणतात. टेबलं पुसून घ्यायची, आठ स्टॉलवाल्यांची भांडणं सोडवायची, आणि कोणी बाहेरचा डबा उघडला तर जाऊन हटकायचं, हे माझं काम. माणसांविषयी मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. लक्ष ठेवायचा पगार मिळतो, म्हणून ठेवते.

पितृपक्ष लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊराव परब आले. सत्तरी ओलांडलेली, पोस्टातून निवृत्त, शर्टाला कडक इस्त्री. दारातच उभे राहिले आणि देवळात असल्यासारखे चपला कुठे काढायच्या ते शोधू लागले. मी म्हटलं, या तसेच. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात त्यांच्या बायकोचा फोटो होता.

"ही इथे यायची म्हणे. खरं आहे का?"

मी फोटो बघितला. शांताबाई. दीड वर्षापूर्वी गेल्या, हे आम्हाला हॉलमध्ये आठवड्याने कळलं होतं.

"यायच्या की. रोज. चार वाजता."

"मला सांगायची, देवळात जाते."

ते खुर्चीवर बसले. चिडले नव्हते, नुसते गोंधळले होते. मग त्यांनी कामाचं सांगितलं. नवरा हयात असताना जी बाई जाते, तिच्यासाठी पितृपक्षातली नवमी असते, अविधवा नवमी. त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची, आणि पानात गेलेल्या बाईच्या आवडीचा एक तरी पदार्थ हवाच. वर्षश्राद्ध झालं होतं, ही पहिली नवमी. सुनेने, जान्हवीने, त्यांना विचारलं, "बाबा, आईंना काय आवडायचं?" आणि भाऊरावांना सांगता येईना. मुलगा सर्वेश, त्यालाही येईना. शेवटी शेजारच्या बाई म्हणाल्या, हॉलमध्ये विचारा, तिथे जाऊन खायच्या त्या.

"बेचाळीस वर्षं संसार केला," भाऊराव म्हणाले, "आणि माका म्हायत नाय." मालवणी त्यांच्या तोंडून निसटली तशी त्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "ती गेली, आता एवढं तरी नीट व्हायला हवं हो."

मला दया आली आणि रागही आला. राग जास्त आला. पण कामावर असताना राग दाखवायचा नसतो.

मी त्यांना स्टॉलवरून फिरवलं. ही माझी चूक. डोसेवाले चंद्रप्रकाश म्हणाले, "मैसूर मसाला. आजी माझ्याशिवाय कुठे जातच नव्हत्या." चायनीजवाला मिथुन म्हणाला, "हक्का नूडल्स, अंकल. फार आवडायच्या त्यांना." खरं म्हणजे शांताबाईंनी एकदाच नूडल्स घेतल्या होत्या, आणि अर्ध्या टाकल्या होत्या. पण मेलेल्या गिऱ्हाइकाला आपलंच आवडायचं असं प्रत्येक स्टॉलवाल्याला वाटतं. भाऊराव खिशातल्या कागदावर सगळं लिहून घेत होते. मैसूर मसाला, हक्का. नवमीच्या पानात हक्का नूडल्स येणार, या कल्पनेने मला हसू आलं आणि मी त्यांना हाताला धरून सपनाच्या स्टॉलवर नेलं.

सपना खरात जालन्याकडची. तिच्याकडे ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं. बाकीच्या बऱ्याच स्टॉलवर माल करून ठेवतात आणि गरम करून देतात. भाकरीचं तसं चालत नाही. ऑर्डर आली की सपना थापायला घेते, म्हणून तिच्याकडे वेळ लागतो आणि लोक कुरकुरतात. शांताबाई कधी कुरकुरल्या नाहीत. त्या काउंटरला लागून स्टुलावर बसायच्या, तव्याकडे तोंड करून. काउंटरपाशी बसायला मनाई आहे. मी त्यांना उठवायला दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले.

सपनाने फोटो बघून हात पुसले. "मावशी? त्या भाकरीच खायच्या. एक, नाहीतर दीड. सोबत ठेचा आणि लोणी."

"ज्वारीची?" भाऊराव म्हणाले. "आम्ही तांदळाची खाणारी माणसं. आणि भाकऱ्या तर ती घरी रोजच करायची की!"

"करायच्या. खायच्या का?"

"खायचीच की."

"गरम?"

भाऊराव हातातल्या कागदाची घडी घालू लागले.

"मला एकदा म्हणाल्या होत्या," सपना सांगायला लागली, "की सपना, माझ्या आयुष्यात तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात कोणी टाकली असेल तर ती तू. घरी सगळ्यांचं होईपर्यंत आपलं गार. मी म्हटलं, मावशी, रोज या."

भाऊरावांनी कागद उघडला, मैसूर मसाला आणि हक्का खोडलं, आणि खाली भाकरी असं लिहिलं. मग एकदम उजळले. कामाचं उत्तर मिळालं होतं. आणि उत्साहाच्या भरात त्यांनी घोटाळा केला. सपनाला म्हणाले, "मग तूच ये ना गो नवमीला. सवाष्ण म्हणून. तुझ्याच हातचं ती खायची, तूच जेवून जा."

सपनाने तव्याखालचा गॅस बारीक केला. "काका, आम्ही बौद्ध. श्राद्ध करायचं नाही, हे आमच्या प्रतिज्ञेतच आहे. त्या दिवशी त्यासाठी मी येणार नाही. राग मानू नका."

"तसं नाही, मी आपलं..."

"एरवी कधीही बोलवा. मावशींच्या घरी जेवायला मला आवडेल." तिने किलोभर ज्वारीचं पीठ पिशवीत बांधून दिलं. "आणि सुनेला पाठवा. थापायला शिकवते. कोकणातल्या हाताला ज्वारी लवकर वळत नाही."

भाऊराव ओशाळले होते. त्यांनी पीठ घेतलं आणि माझ्याकडे वळले. माझं माहेर सावंतवाडीचं आणि नवरा हयात आहे, एवढीच माझी पात्रता. माझ्या नवऱ्याचा मला दुसरा काही उपयोग झालेला आठवत नाही, त्यामुळे मी हो म्हटलं.

जान्हवी दोन दिवस आली. ऑफिसातून सुटून सरळ सपनाकडे. पहिल्या दिवशी तिच्या भाकरीचे नकाशे झाले, दुसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या. फार बोलणारी मुलगी नाही ती. शिकली आणि गेली.

नवमीला मी साडेबाराला त्यांच्याकडे पोचले. सर्वेशला सुट्टी मिळाली नव्हती, जान्हवीने घेतली होती. पाट, केळीचं पान. खीर, वडे, अळूवडी, काळ्या वाटाण्याची उसळ, आणि मधोमध जागा मोकळी ठेवलेली. जान्हवी ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि भाऊराव प्रत्येक भाकरी हातातून हातात झेलत, पोळत, धावत माझ्या पानापर्यंत आणत होते. ठेचा, वर लोण्याचा गोळा. "अजून एक वाढू?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. अगदी मनापासून. इतकं साधं विचारायला या माणसाला बायको मरावी लागली, असं वाटत राहिलं. तरी मी तीन खाल्ल्या. शांताबाईंच्या वाटणीच्या होत्या त्या, नाही कशी म्हणणार.

जेवण झालं, ओटी भरून झाली. भाऊरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नीट झालं ना हो सगळं?" त्यांनी विचारलं. मी झालं म्हटलं. त्यांचं मन हलकं झालेलं दिसत होतं.

मी चपला घालत होते तेवढ्यात जान्हवी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसा. गरम गरम वाढते."

आणि भाऊराव बसले. अगदी सहज. ताट ओढलं, पहिली भाकरी आली, ती मोडली. जान्हवी पुन्हा ओट्याकडे वळली आणि दुसरी थापायला लागली. ती पहाटे पाचला उठली होती. ओट्याच्या कोपऱ्यात एका डब्यात, आधी तुटलेल्या दोन भाकऱ्या तिने बाजूला काढून झाकून ठेवल्या होत्या. त्या कोणासाठी, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्याही घरी असा एक डबा आहे.

माझं डोकं फिरलं. मी चपला काढल्या आणि आत गेले.

"दे इकडे गं," मी जान्हवीला म्हटलं. "सरक. तू बस तिकडे."

"अहो शकुताई, तुम्ही आज सवाष्ण," भाऊराव ताटावरून म्हणाले. "सवाष्णीने आज हात लावायचा नाही."

"सवाष्णीचं जेवून झालं, परब. आता हिला जेवू द्या."

जान्हवी कावरीबावरी झाली. "ताई, मी नंतर..."

"नंतर नाही. आत्ता. बाबांच्या शेजारी."

ती बसली. मी तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळावर फुगवली आणि थेट तिच्या ताटात टाकली. वाफ तिच्या तोंडावर आली. क्षणभर तिने हात मागे घेतला. मग तिने भाकरी मोडली आणि बोटं पोळत असताना, कोणाकडेही न बघता, लहान मुलीसारखी फुंकर मारत खायला लागली. तिला बहुतेक विसरच पडला की आम्ही दोघं तिथे आहोत.

भाऊरावांचा घास हातातच राहिला. ते सुनेकडे बघत होते. असं कोणी जेवताना त्यांनी त्या घरात कधी बघितलंच नसावं. बघता बघता त्यांचा चेहरा पडत गेला.

"शकुताई," ते अगदी हळू म्हणाले. "शांता पण... तिथे अशीच खायची?"

"अशीच," मी म्हटलं.

जान्हवीची भाकरी संपेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या ताटातली गार झाली.