पडद्यावरचे हात

लेकीचे हात छातीपाशी येऊन थांबले होते. एका हाताची मूठ, दुसऱ्याची दोन बोटं वर, तोंड अर्धवट उघडं. बायको लॅपटॉपच्या पडद्यासमोर पुढे वाकून त्या दोन बोटांकडे बघत राहिली. मग चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या उडाल्या, परत जुळल्या, आणि तोवर लेकीचं वाक्य संपूनही गेलं होतं. ती तिकडे उत्तराची वाट बघत होती.

"काय म्हणाली?" बायकोने मला हातांनी विचारलं.

"मला काय विचारतेस? चित्र नीट चालू असतं तेव्हा तरी मला कुठे कळतं?" मीही हातांनीच म्हणालो, आणि तेसुद्धा चुकतमाकत.

यात लपवण्यासारखं काही नाही. माझी बायको जन्मापासून बहिरी आहे. मला व्यवस्थित ऐकू येतं. इतकी वर्षं संसार झाला, पण माझे हात कामचलाऊच बोलतात. दूध संपलं, लाईट गेली, तुझ्या भावाने बोलावलंय, एवढं जमतं. त्यापुढे गेलं की माझी गाडी घसरते, मग ही कंटाळते आणि "असू दे" म्हणते. "असू दे" ही खूण मला अगदी पक्की येते, कारण मी ती सगळ्यात जास्त वेळा बघितलेली आहे.

लेकीचं तसं नव्हतं. ती आईच्या मांडीवरच हातांनी बोलायला शिकली. तोंडाने बोलायला लागली ती नंतर. दोघींचं एकदा सुरू झालं की बोटं नुसती पळायची. चेष्टा, कुचाळक्या, भांडणं, सगळं. भांडताना लेक कधीकधी डोळे मिटून घ्यायची. आमच्या घरात ती सगळ्यात मोठी शिवी. समोरच्याचं तोंड बंद करायचं तर आपले डोळे मिटायचे. त्यावर ही अशी भडकायची की मला मधे पडावं लागायचं, आणि मधे पडलो की दोघी मिळून मलाच धारेवर धरायच्या.

मग लेकीचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली. लोक म्हणाले, आता घर शांत झालं असेल. आमच्याकडे आवाज कधी नव्हताच. घरात काहीतरी सतत हलत असायचं, ते हलायचं बंद झालं. मी शाळेतून येतो, ही दातांच्या लॅबमधून येते. तिथे ती कवळ्या बनवते, मेणात दात बसवून कोरून काढायचं काम. जेवताना मी एक-दोन खुणा करतो, ती एक-दोन करते. मग ती भांडी आवरते आणि मी बातम्या बघतो. वाईट चाललंय असं नाही. काही वाटतच नाही, असं म्हटलं तर जास्त खरं होईल.

रविवारची सकाळ तेवढी वेगळी असायची. त्या दिवशी लेक पडद्यावर यायची. ही आदल्या दिवसापासून काय काय सांगायचं ते मनात जुळवायची, चालता चालता बोटं हलायची तिची. आणि गेले कित्येक रविवार तो पडदा असा दगा देत होता.

लेक मला तोंडाने म्हणायची, "बाबा, आईला सांगा ना, मी काय म्हणत होते ते." मी सांगायचा प्रयत्न करायचो. माझे हात बघून बायको मान फिरवायची. एकदा तर स्पष्टच म्हणाली, "तुझ्या हातून मला माझी लेक नको." मला राग आला नाही. तिचं बरोबर होतं. लिहून पाठवायची सोयही होती, पण लिहिलेलं मराठी तिला परकंच वाटतं. चार शब्दांचा निरोप जातो, गप्पा होत नाहीत. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बोटं मुंगीएवढी दिसतात, आणि हिचे डोळे दिवसभर दात कोरून शिणलेले.

त्या रविवारी कॉल संपल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "शाळेतल्या सगळ्या मशिनी तू चालवतोस. घरचं एक तुला नीट करता येत नाही?"

"करतो."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

"असंच चाललं तर ती मला विसरेल," ती म्हणाली. हे मला पहिल्या खेपेला कळलं. पुन्हा विचारावं लागलं नाही.

मी शाळेत संगणकाच्या लॅबमध्ये असतो. मुलं तोडतात, मी जोडतो. घरचा लॅपटॉप शाळेनेच मोडीत काढलेला, मी पदरात पाडून घेतला होता. सोमवारी तोच पिशवीत घालून शाळेत नेला. शिपाईमामांनी बघितलं आणि म्हणाले, "काय साहेब, आज घरचं धुणं इकडे?"

"धुणं नाही, दुखणं आहे."

"मग नवीन घेऊन टाका की."

"नवीन घ्यायला सगळेच सांगतात," मी म्हणालो. मामा स्टूल ओढून बसले. त्यांना मधल्या सुट्टीत करमत नाही.

घरात इंटरनेट चांगलं होतं, माझ्या फोनवर सुसाट चालायचं. म्हणजे रोग लॅपटॉपच्या पोटात. आत वायरलेस कार्ड नावाचा बोटभर तुकडा असतो, तो हवेतून इंटरनेट पकडतो. त्याला कसं वागायचं ते सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो कार्डाच्या कंपनीने दिलेला होता. कंपनीने पुढे त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आणि तो कुलूपबंद. आत काय बिघडलंय ते बाहेरच्या कोणाला बघायची सोय नाही.

पण जगात काही माणसं अशी असतात, की असल्या वाऱ्यावर सोडलेल्या कार्डांसाठी स्वतः ड्रायव्हर लिहितात आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवतात. कोणीही बघावं, सुधारावं, न्यावं. मी कार्डाचा नंबर शोधला, इंटरनेटवर टाकला, तर त्याचा उघडा ड्रायव्हर निघाला. लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही. त्याने मध्येच एका ओळीत लिहिलं होतं, की हे कार्ड फार हट्टी आहे, धीर धरा.

मी कंपनीचा ड्रायव्हर काढला आणि हा बसवला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर कार्डच गायब.

"मेलं?" मामांनी विचारलं.

"थांबा हो."

मशीन सुरू होताना जे काय घडतं त्याची नोंद आत होत असते. ती वाचली. ड्रायव्हर कार्डात भरायची एक फाईल मागत होता, फर्मवेअर म्हणतात तिला, आणि त्याला हवी होती ती नवी फाईल मशीनमध्ये नव्हतीच. ती उतरवली, जिथे हवी तिथे ठेवली. कार्ड उठून बसलं, पण मधेमधे डुलक्या काढायला लागलं. वीज वाचवायला ते कार्ड जरा काम नसलं की झोपतं, आणि उठवायला गेलं की आळोखेपिळोखे देत उठतं. ती सवय बंद करण्यात आठवड्याच्या सगळ्या मधल्या सुट्ट्या गेल्या. शनिवारी शाळा सुटताना वेग मोजला. आकडा मीच दोनदा मोजून बघितला.

"वाढला का?" मामा म्हणाले.

"वाढला. कैक पटीने."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंडच तसं आहे."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कुठला तरी सिनेमा लावून बघितला, हात हलतात तसे हलतात का ते. मग माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. आमच्याकडे शाबासकी अशीच असते. लेकीला आधीच काही सांगायचं नाही, तिचं तिला कळू दे, असं तिने मला दोनदा बजावलं. रात्री जेवताना ती पुष्कळ बोलली. मला निम्मं कळलं नाही, पण मी माना डोलावल्या.

रविवारी सकाळी ती वेणी घालून, खुर्ची सरळ करून बसली. पडदा उघडला आणि लेक आली. इतकी स्वच्छ, की तिच्या कानातलं नवं डूल दिसलं. तिच्या मागच्या खिडकीचा पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, त्याची एकेक सुरकुती दिसत होती.

बायकोने गोष्टच सुरू केली. लॅबला काम देणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरची. दोन म्हाताऱ्यांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली, आणि दोघेही एकमेकांचे दात घालून खूश होऊन घरी गेले. परत द्यायला बोलावलं तर दोघेही द्यायला तयार नाहीत. ही अशी रंगून सांगत होती, की ती गोष्ट मलासुद्धा कळली. बोटांनी दात, भुवयांनी डॉक्टर, खांद्यांनी दोन्ही म्हातारे.

लेक हसली. पण जरा उशिरा हसली, आणि म्हातारे घरी गेले तिथे नाही, नुसतं आई थांबली म्हणून हसली.

मग ती स्वतः बोलायला लागली. ऑफिसबद्दल काहीतरी. तिचं काम दिवसभर कानाला फोन लावून बोलायचं. हात वर आले, एक खूण झाली, दुसरी झाली, आणि हात छातीपाशी थांबले. मूठ आणि वर दोन बोटं.

मी सवयीने लॅपटॉपकडे हात नेला. मग मला खिडकी दिसली. लेकीच्या मागे तो पडदा हलतच होता. फुगत होता, बसत होता, कुठेही तटत नव्हता. चित्र चालू होतं. नुसते तिचे हात थांबले होते. डोळे वर छताकडे, शब्द आठवताना माणसाचे होतात तसे. मग तिने दोन बोटं मोडून घेतली आणि भलतीच, लहान मुलासारखी एक खूण केली.

बायकोने हे बघितलं. ती माझ्याकडे वळली नाही. पाठीवरून कळत होतं, की तिने बघितलंय.

तिने लेकीला काहीतरी विचारलं, नेहमीच्या वेगात, नेहमीच्या सगळ्या भुवया-खांद्यांसकट. लेक बघत राहिली. मग लेकीने हातांनी सांगितलं, "आई, अडकलं बघ पुन्हा. परत सांग."

कोपऱ्यात वेगाचा आकडा होता. मीच लावून ठेवला होता. तो कालच्याएवढाच होता.

किती रविवार असं झालं असेल, कोण जाणे. त्यातलं कार्डाचं किती आणि लेकीचं किती, हे आता मोजता यायचं नाही. मला लेकीचा राग यायला हवा होता, तो आला नाही. दिवसभर तोंडाने बोलायचं, घरी नवऱ्याशी तोंडाने बोलायचं, आठवड्यातून एकदा हात उचलायचे. विसरणारच. पण या घरात तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं एकच माणूस होतं.

बायकोने हात मांडीवर ठेवले. मग तिने ते उचलले.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडेच अडकतंय. मशीन खराब आहे. मी हळू बोलते, तूही हळू बोल."

लेकीचा चेहरा एकदम सैल झाला. ती माझ्याकडे बघून तोंडाने म्हणाली, "बाबा, नवीन घ्या ना आता. किती दिवस ते धूड ओढणार?"

आवाज इतका स्पष्ट आला, की जणू ती शेजारच्या खोलीत असावी.

"बघतो," मी म्हणालो. "कार्डच जुनं झालंय त्याचं. त्याला आता इलाज नाही."

बायको माझ्या ओठांकडे बघत होती. ओठ तिला चांगले वाचता येतात. वाचून झाल्यावर तिने हळूच मान हलवली आणि खुर्ची पडद्याकडे ओढून घेतली. मग एकेक खूण सुटी करून, मधे थांबून, लेकीच्या तोंडाकडे बघत ती बोलायला लागली. भुवया नाहीत, खांदे नाहीत. माझ्याशी ती लग्न झाल्यापासून तशीच बोलते.

पाची बोटं जुळवून तिने तोंडापाशी नेली. "जेवलीस?"

ते कोणालाही कळतं. लेकीने लगेच उत्तर दिलं.